सदूमामांचं वाक्य

"हे तुझ्या घरात कोण बोलतं?" गौतमीनं विचारलं.

इम्तियाज गिटार मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं हातातला कागद पुन्हा एकदा बघितला. दोन दिवस खपून त्यानं ते गाणं लिहिलं होतं. त्यात चांदणं होतं, एक वाट होती आणि त्या वाटेवर हरवलेलं कुणीतरी होतं.

"घरात कोण कशाला बोलंल? गाणं आहे ते," तो म्हणाला.

"मग बाहेर कोण बोलतं? तुझ्या अब्बांच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन म्हणतं का, हरवल्या वाटेवर चांदणं सांडलं?"

मी ड्रमच्या मागं बसून हसलो. इम्तियाजही हसला, पण त्याला लागलं होतं. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट आहे. इचलकरंजीत आमचा तिघांचा बँड होता. इम्तियाज मुजावर गिटार वाजवायचा, गौतमी हावळ बेस वाजवायची आणि गायची, आणि मी, अभिनंदन मगदूम, ड्रमवर. बँडचं नाव 'धोटा'. मागात सूत घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धडधडत पळणारं जे लाकडी असतं ना, तो धोटा. नाव गौतमीनंच ठेवलेलं. इम्तियाजच्या चुलत्यांची मागाची एक शेड बंद पडली होती. माग भंगारात गेले होते, जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे उरले होते. तिथं आम्ही आठवडी सुट्टीच्या दिवशी दुपारी वाजवायचो. बाकीच्या दिवशी शेजारच्या शेडचे माग चालू असायचे आणि त्या आवाजात आमचं आम्हाला ऐकू यायचं नाही.

गौतमी गाणी लिहायची नाही. ती गाणी ऐकून आणायची. रेशनची रांग, सरकारी दवाखान्याचा बाक, एसटीतली मागची सीट, तिचं काम तिथंच चालायचं. कुणाचं एखादं वाक्य तिला धरून ठेवावंसं वाटलं की ती ते पुटपुटत घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी बेसवर बसवायची. त्यातला एक शब्द बदलायचा नाही, हा तिचा नियम. आमचं पहिलं गाणं म्हणजे रेशनच्या रांगेतल्या एका म्हातारीचं वाक्य होतं: 'माझा नंबर आला की खिडकी बंद होती.' एवढंच. ते ती आधी हळू म्हणायची, मग मोठ्यानं, मग अशी की शेडचे पत्रे हादरायचे.

तिचा दुसराही एक नियम होता. ज्याचं वाक्य, त्याला आधी ऐकवायचं. त्या म्हातारीला तिनं शोधून काढलं होतं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, चाल बरी हाय, पन मी एवढी वरडले न्हवते.

"मी बनवलेलं वाक्य गायला लागलो की मला माझाच आवाज ऐकू येतो," गौतमी म्हणायची. आमच्याकडच्या पुष्कळ मुलींसारखी ती स्वतःबद्दल मी जातो, मी करतो असंच बोलायची. "दुसऱ्याचं गायलो की तो माणूस ऐकू येतो. मला तो पाहिजे."

त्या दिवशी इम्तियाजचा कागद खिशात गेल्यावर तिनं बेस भिंतीला टेकवून ठेवला आणि आमच्या दोघांच्या समोर येऊन जमिनीवर बसली.

"मी एकट्यानं किती दिवस आणू? आता तुम्ही द्या. प्रत्येकानं एक. तुम्हाला कुणीतरी म्हटलेलं, जे डोक्यातनं जात नाही असं. सुंदरबिंदर नको."

इम्तियाजनं त्याच्या बहिणीचं एक वाक्य दिलं. गौतमीनं ते दोनदा म्हणून बघितलं, मान हलवली आणि माझ्याकडं वळली.

"अभी?"

"माझ्याकडं नाही."

"सगळ्यांकडं असतं."

मी स्टिक खाली ठेवल्या. का सांगितलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती ज्या पद्धतीनं ऐकायला बसायची, तिच्यासमोर माणूस बोलायचाच.

"सदूमामा," मी म्हणालो. "आमच्या सायझिंगमधले."

माझ्या वडलांचं, आप्पांचं, सायझिंग होतं. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात आणि वाफेवर तापलेल्या सिलिंडरवरून ते वाळवून घेतात, ते काम. सदाशिव भोरे तिथं बॉयलरवर होते. सगळे त्यांना सदूमामा म्हणत. दीड वर्षापूर्वी एका दुपारी वाफेच्या नळाचा सांधा फुटला आणि ते भाजले. तीन दिवस दवाखान्यात होते, चौथ्या दिवशी गेले. चौकशी झाली. आप्पांनी सांगितलं, नळातनं वाफ गळतेय असं मला कुणीही बोललं नव्हतं, बोललं असतं तर मी त्याच क्षणी बॉयलर बंद केला असता. कागदावर ते मान्य झालं. गावात झालं नाही. सदूमामा वीस वर्षं बॉयलरजवळ उभे राहिलेले. सांधा गळतोय आणि ते कुणाला बोलले नाहीत, हे कुणालाच पटत नव्हतं.

हे सगळं गौतमीला आणि इम्तियाजला माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं?

"काय म्हणाले सदूमामा?" गौतमीनं विचारलं.

"मालक, वाफ याय लागलीया."

गौतमी थोडी पुढं सरकली.

"कुणाला म्हणाले?"

"आप्पांना."

इम्तियाज गिटारच्या तारांकडं बघत राहिला. गौतमीनं माझ्याकडं बघितलं. "तू तिथं होतास?"

"होतो."

तिनं आणखी काही विचारलं नाही. भिंतीकडचा बेस घेतला आणि खालच्या तारेवर तेच दोन सूर वाजवत बसली, मागाच्या खडखडाटासारखे. मग ते वाक्य म्हणाली. तो आवाज तिचा नव्हताच.

गाणं तासाभरात उभं राहिलं. पण एक अडचण होती. ते वाक्य ओळीत बसायचं नाही. 'मालक, वाफ याय लागलीया' म्हटल्यावर पुढं चार मात्रा मोकळ्या राहायच्या.

"लोक असं मध्येच थांबत नाहीत," गौतमी म्हणाली. "पुढं काहीतरी म्हणाले असणार ते. आठव की."

"एवढंच म्हणाले."

"मग ओळ आखूड करू," इम्तियाज म्हणाला.

"नको. चाल बरोबर आहे. वाक्यच कुठंतरी लंगडतंय."

शेवटी मी त्या चार मात्रा ड्रमनं भरून काढल्या. एक लांब, चढत जाणारा रोल. तो इतका चांगला बसला की पुढं लोक त्याच जागेची वाट बघायला लागले.

आम्ही ते गाणं दोनदा केलं. एकदा कॉलेजच्या गॅदरिंगला आणि एकदा चौकातल्या मंडळासमोर. सदूमामा तर नव्हते. मेलेल्या माणसाचं वाक्य कुणाला विचारून गायचं, हे गौतमीला तेव्हा सुचलं नाही. चौकात पहिली ओळ संपली आणि पुढं उभे असलेले मागवाले एकदम गप्प झाले. मग कुणीतरी मागून शिट्टी मारली आणि सगळा चौक ती ओळ म्हणायला लागला. मालक, वाफ याय लागलीया. घामानं भिजून मी वाजवत होतो. इतकं चांगलं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्यानंतर आप्पांचं घराबाहेर जाणं कमी झालं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, ते सकाळी जायचे तेव्हा लोक थोडं सरकून बसत. गर्दी नसतानाही सरकत. सायझिंगमधला यंत्रं सांभाळणारा एक जॉबर काम सोडून गेला. आप्पा मला काही बोलले नाहीत. गाणं कुणी केलंय, ढोल कुणी बडवलाय, हे त्यांना कळलं नसेल असं होणारच नव्हतं. फक्त एकदा, वर्तमानपत्र वाचता वाचता मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्या पोरीला हे वाक्य कुणी सांगितलं?"

"गावात म्हणतात लोक," मी म्हणालो.

"म्हणतात होय," ते म्हणाले आणि पान उलटलं.

फेब्रुवारीत कोल्हापूरच्या एका स्पर्धेत आमची अंतिम फेरीसाठी निवड झाली. आठ बँड, मोठा हॉल, पुण्याहून परीक्षक. सदूमामांचं गाणं शेवटी घ्यायचं ठरलं. स्पर्धा रविवारी होती. त्याआधीच्या बुधवारी गौतमी तिची स्कूटी घेऊन आमच्या दारात आली.

"चल, सदूमामांच्या मिसेसकडं जाऊ."

"कशाला?"

"त्यांना न ऐकवताच गात बसलोय आपण. मला आधी सुचायला पाहिजे होतं. इथल्या चौकात ठीक होतं, आता एवढ्या मोठ्या स्टेजवर जायचं तर ऐकवलंच पाहिजे."

"तू जा. मला काम आहे."

"मी ओळखत नाही त्यांना. वाक्य तू दिलंयस."

मी आणखी दोन कारणं सांगितली. तिनं ती ऐकून घेतली आणि गाडी चालू ठेवून उभी राहिली. मी मागं बसलो. मला वाटलं, सदूमामांच्या बायकोनं मला शेवटचं बघितलं ते सायझिंगमधल्या खंडेनवमीच्या पूजेला, शाळेत असताना. नंतर मी त्यांच्यासमोर गेलो नव्हतो. दवाखान्यात आप्पा रोज जायचे, मी एकदाही गेलो नाही. सदूमामांना स्मशानात नेलं त्या दिवशीही मी घरीच होतो. आता मला दाढी होती. आणि खरं सांगायचं तर मला असंही वाटलं, की त्यांना काय ठाऊक असणार आहे.

कलाबाई घरात धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. छोटं मशीन, त्यावर चार चात्या गरगर फिरत होत्या. आम्हाला बघून त्यांनी बटण बंद केलं. गौतमीनं स्वतःचं नाव सांगितलं.

"आणि हा आमच्यात ड्रम वाजवतो."

त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. ओळखलं नाही.

"मामी, सदूमामांचं एक वाक्य आहे माझ्या गाण्यात," गौतमी म्हणाली. "तुम्हाला ऐकवायला आलो. तुम्ही नको म्हणालात तर गाणार नाही."

"लोकं सांगत हुती काय काय," कलाबाई म्हणाल्या. "मी न्हाई गेले ऐकायला. म्हन."

गौतमीनं मांडीवर दोन बोटांनी ठेका धरला आणि अगदी हळू गायला लागली. मालक, वाफ याय लागलीया. आणि थांबली. ड्रमची जागा होती ती. घरात ड्रम नव्हता. त्या चार मात्रा ती गप्प बसून मोजत होती.

"आप्पास्नी सांगा," कलाबाई म्हणाल्या.

गौतमीचं बोट थांबलं. "काय म्हणालात?"

"त्येंनी म्हनलेलं. 'धाकलं मालक, वाफ याय लागलीया, आप्पास्नी सांगा.' तीन दिस दवाखान्यात हेच चालू हुतं. मधीच जागं हुयाचे, हे म्हनायचे आन् परत डोळं मिटायचे. तू म्हनतीस ते आर्धंच हाय."

"धाकलं मालक म्हणजे?" गौतमीनं विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"आप्पांचं पोरगं. आप्पा ब्यांकेत गेल्ते, पोरगं हापिसात बसलं हुतं. ह्येंनी दारात हुबं राहून सांगितलं. त्येनं मान हलवली. ह्यास्नी वाटलं, सांगील. म्हनून गेले आपलं परत कामाला."

"मग तुम्ही चौकशीत का नाही सांगितलं?"

कलाबाईंनी मशीनवरचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला. "ह्येंनी शपत घातली. म्हनले, पोरगं हाय, इसरलं आसंल. शिकतंय आजून. त्येचं नाव घिऊ नगंस. न्हाई घेतलं मी. पन आप्पास्नी लोकं बोलत्यात ते कानावर आलं की बरं वाटत न्हाई. दवाखान्यात तीन दिस बसून हुता तो मानूस."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. त्यावर कुठल्या देवाचं चित्र होतं ते मला आठवत नाही. तोंड उघडायला तेव्हा जागा होती. सगळ्या बाजूंनी जागा होती. मी उघडलं नाही.

"मग मी हे गाऊ का?" गौतमीनं विचारलं.

"गा की. पन त्येंनी म्हनलं तसं गा. आर्धं कशाला?"

त्यांनी चहा केला. आम्ही प्यायलो. कप खाली ठेवताना कलाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यो काय बोलत न्हाई तुमचा."

"तो कमीच बोलतो," गौतमी म्हणाली.

बाहेर आल्यावर तिनं गाडी चालू केली नाही. ढकलत चालायला लागली. मी बाजूनं चाललो. गल्लीचं टोक आलं.

"मी तुला विचारलं होतं, कुणाला म्हणाले."

"हो."

"तू आप्पा म्हणालास."

"हो."

"चौकात गायलो मी ते. तुझ्या वडलांचं नाव घेतल्यासारखंच गायलो. लोकांकडनं म्हणवून घेतलं."

"चुकलं माझं."

"मला कशाला सांगतोस?" ती थांबली. तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला राग येत होता. "मी रविवारी बरोबर वाक्य गाणार. तुला वाजवायचं तर वाजव, नाहीतर इम्तियाज आणि मी दोघं करतो. पण माझा नियम तुला ठाऊक आहे. ज्याचं आहे त्याला आधी ऐकवायचं. हे वाक्य आप्पांसाठी होतं. त्यांना अजून कुणी सांगितलेलंच नाही."

ती गाडीवर बसून निघून गेली. मी चालत घरी आलो.

आप्पा सूर्यास्ताच्या आधी जेवायचे. त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा ते पाटावर बसले होते, आई आत भाकऱ्या करत होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आप्पा, सदूमामांनी सांगितलं होतं. सांधा गळतोय म्हणून."

त्यांचा हात ताटातच थांबला. "कुणाला?"

"मला. तुम्ही बँकेत होता. तुम्हाला सांग म्हणाले. मी हो म्हणालो आणि विसरलो."

आतला भाकरी थापायचा आवाज बंद झाला.

"तुला म्हणाला," आप्पा म्हणाले.

"हो."

"मला नाही."

"नाही आप्पा. तुम्हाला नाही."

त्यांनी मला शिवी दिली असती, उठून कानाखाली मारली असती, तर मला कळलं असतं काय करायचं. ते ताटाकडं बघत बसले. मग फार सावकाश बोलायला लागले, जणू स्वतःलाच तपासून बघत होते.

"मला वाटायला लागलं होतं, मलाच बोलला असणार. पहिल्यांदा मी ठाम होतो. नंतर सगळेच म्हणायला लागले. मग गाण्यात आलं. मला वाटलं, एवढी माणसं कशी चुकतील? रोज दुपारी मी तो दिवस आठवत बसतो, अभी. घरातनं किती वाजता निघालो, कोण भेटलं, बँकेत किती वेळ गेला. ह्या दिवाळीपासनं एका ठिकाणी मला सदू दिसायला लागला होता. बॉयलरच्या दारात उभा. काहीतरी सांगतोय. आणि मी त्याला 'बघू नंतर' म्हणतोय." त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं. "झालंच नव्हतं ते. आणि मला दिसत होतं."

आई दारात येऊन उभी राहिली. बाहेर उजेड जात होता. आप्पांनी पुन्हा घास घेतला नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात धुतले आणि ते पडवीत जाऊन बसले. त्या दिवशी आणि त्यानंतरचे चार दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

रविवारी आम्ही कोल्हापूरला वाजवलं. गौतमीनं पूर्ण वाक्य गायलं. धाकलं मालक, वाफ याय लागलीया, आप्पास्नी सांगा. रोलला जागाच उरली नव्हती. त्या चार मात्रा मी हात मांडीवर ठेवून बसलो. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. एक परीक्षक म्हणाले, शेवटचं गाणं ताकदीचं आहे पण नेमकं कशाबद्दल आहे ते कळत नाही. गौतमी त्यांना हो म्हणाली.

'धोटा' पुढं वर्षभर चालला. चौकातही आम्ही ते गाणं एकदा बरोबर शब्दांत केलं, मीच आग्रह धरला म्हणून. गावाला अर्थ लगेच कळला. बस्तीत लोक आता मी आलो की सरकायला लागले आणि आप्पांशी नको इतकं गोड बोलायला लागले. आप्पांना ते आवडायचं नाही. मग गौतमी नोकरीला पुण्याला गेली, इम्तियाजचं लग्न झालं, ड्रम मी विकून टाकले. आता सोळा वर्षं झाली, सायझिंग मी बघतो. माझं टेबल ऑफिसात नाही, बॉयलरसमोर आहे. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या सोमवारचं.

कोल्हापूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा कपडे करून माझ्या खोलीच्या दारात आले.

"चल."

कुठं, ते मी विचारलं नाही.

कलाबाई कांड्या भरत होत्या. आप्पांना बघून त्या गडबडीनं उठल्या, मशीन बंद केलं, पदर सारखा केला. "आप्पा, तुमी कशाला आला? बोलावनं धाडायचं हुतं." मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ह्यो त्या गानंवाल्या पोरीसंगट आल्ता."

आप्पा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि बाजूला झाले, मला आत जाता यावं म्हणून.

"मामी," मी म्हणालो, "तो मीच. आप्पांचा मुलगा. सदूमामांनी मला सांगितलं होतं. मी विसरलो."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आधी आप्पांकडं बघितलं, मग परत माझ्याकडं.

"बुधवारी हितंच बसलावतास," त्या म्हणाल्या.

"हो."

"चहा प्यालास."

"हो."

त्या स्टुलावर बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

"नगं. ह्येंनी तुला माफी दिली हुती. ती त्येंची. माजं मला बघू दे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "येक सांग मला. तवा करत काय हुतास तू? त्यो मानूस दारात हुबं राहून सांगतोय. तू काय करत हुतास?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, गौतमीनंही नाही. मी आप्पांकडं बघितलं. ते बाहेर उन्हात चपला न काढता उभे होते, पण ऐकत होते.

"गाणं ऐकत होतो," मी म्हणालो. "कानात लावून. दोन पेन्सिली घेऊन टेबलावर ठेका धरत होतो. त्यांचे ओठ हलताना दिसले म्हणून एका कानातलं काढलं. ते बोलले, मी मान हलवली आणि परत घातलं."

त्यांनी खाली पडलेली एक कांडी उचलून मशीनवर ठेवली. मला वाटलं, आता त्या आम्हाला जा म्हणतील.

"कंचं गानं?"

"काय?"

"कंचं गानं ऐकत हुतास?"

मी आठवायला लागलो. ते टेबल मला दिसत होतं. त्यावरची खळ वाळून पडलेली पांढरी भुकटी, पिवळी पेन्सिल, दारातले सदूमामा, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल, सगळं दिसत होतं. माझी बोटं टेबलावर हलत होती तीसुद्धा दिसत होती. फक्त आवाज नव्हता.

"आठवत नाही, मामी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग हात लांब करून मशीनचं बटण दाबलं, आणि कांड्या परत फिरायला लागल्या.